एका बिल्डपायी सगळ्यांना थांबवू नका : डेबियनच्या प्रकाशन गटास खुले पत्र

डोंबिवली पूर्व, जि. ठाणे

डेबियन प्रकाशन गटातील मित्रहो,



तुमची प्रणाली संगणकावर बसवायला घेतली की सुरुवातीलाच भाषांची यादी समोर येते आणि त्या यादीत मराठी असते. ज्या स्वयंसेवकांनी हे केले त्यांच्या भरवशावर मी हे पत्र मराठीत लिहीत आहे. दुसरे कारण असे की, या विषयाचे जाणकार जितके तुमच्याकडे आहेत तितकेच इथेही आहेत. सकाळच्या गाड्यांनी कल्याण-डोंबिवलीहून ठाणे, ऐरोली, पवईकडे जाणाऱ्यांत सॉफ्टवेअर लिहिणारे, तपासणारे आणि बांधणारे हजारोंनी सापडतील. मीही त्यांतलीच एक. माझे काम बांधणीचे आहे, म्हणजे लिहून झालेला कोड वेगवेगळ्या यंत्रांवर चालेल अशा रूपात तयार करून देण्याचे. आम्ही सगळे त्याला ‘बिल्ड’च म्हणतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. एका प्रकारच्या यंत्राचा बिल्ड फेल झाला म्हणून बाकी सगळ्या यंत्रांची दुरुस्ती अडवून ठेवू नका. आणि त्या अडवणुकीला कंटाळून त्या एका प्रकाराला यादीतून काढूनही टाकू नका. गेली वीस वर्षे तुमचा प्रकल्प या दोन टोकांमध्ये ओढला जातो आहे. दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच आहे आणि त्यावर इलाज आहे.

इथल्या वाचकांसाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. डेबियन ही १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली, सर्वस्वी स्वयंसेवकांनी चालवलेली मुक्त संगणक प्रणाली. उबुंटू, मिंट, रास्पबेरी पायची प्रणाली या सगळ्या तिच्यावर उभ्या आहेत. आपल्या सी-डॅकने काढलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीसुद्धा. म्हणजे ज्याने डेबियन हे नावही ऐकलेले नाही असा माणूसदेखील बहुधा तिचे काही ना काही वापरत असतो. तिथे एखाद्या दुरुस्तीचा खोळंबा झाला तर त्याचे धक्के फार लांबपर्यंत पोचतात.

डेबियनमध्ये नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ या दालनात येते. तिथून ते ‘टेस्टिंग’मध्ये जाते, आणि साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवून त्याचीच नवी ‘स्टेबल’ आवृत्ती करतात. अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्ये कोणाला सोडायचे हे ‘ब्रिटनी’ नावाचा एक कार्यक्रम ठरवतो. त्याच्या अटी कडक आहेत. पॅकेजने तातडीनुसार दोन, पाच किंवा दहा दिवस अनस्टेबलमध्ये काढलेले असावेत. त्यात नवा गंभीर दोष नोंदला गेलेला नसावा. ते आत गेल्याने दुसरे कोणते पॅकेज मोडू नये. आणि ज्या ज्या आर्किटेक्चरसाठी त्याचा बिल्ड आधी होता, त्या सगळ्यांसाठी नव्या आवृत्तीचाही बिल्ड झालेला असावा. आर्किटेक्चर म्हणजे प्रोसेसरची जात. आपले लॅपटॉप बहुतेक एएमडी६४ जातीचे, रास्पबेरी पाय एआरएम जातीचे, तर आयबीएमच्या मेनफ्रेमचे एस३९०एक्स. डेबियन १२ मध्ये अशा नऊ जाती होत्या.

या शेवटच्या अटीबद्दल मी बोलते आहे.

एक उदाहरण घेऊ. हार्फबझ नावाचे पॅकेज पडद्यावर अक्षरे जुळवण्याचे काम करते. जोडाक्षरे, रफार, ‘सुऱ्या’ किंवा ‘कऱ्हाड’मधला तो आडवा र, हे सगळे नीट दिसते ते त्याच्यामुळे. समजा, त्यात सुरक्षेचे भगदाड सापडले आणि दुरुस्ती लिहून झाली. कल्याणच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपसाठीचा बिल्ड थोड्याच वेळात यशस्वी होतो. पण एस३९०एक्समध्ये आकड्याचे बाइट उलट क्रमाने साठवले जातात. कोणीतरी लिहिलेली एक चाचणी तो उलटा क्रम गृहीत धरत नाही आणि तिथला बिल्ड फेल होतो. दोष दुरुस्तीत नाही, त्या विद्यार्थिनीच्या यंत्रात तर नाहीच. तरी अट अपुरी राहिली म्हणून तिची दुरुस्ती अनस्टेबलच्या उंबऱ्यावर उभी राहते. मेनफ्रेम जाणणारा कोणी स्वयंसेवक नोकरीधंद्यातून वेळ काढून ती चाचणी बघेपर्यंत तिचा लॅपटॉप उघडाच. अशा अडकलेल्या पॅकेजवर अवलंबून असलेली दुसरी पॅकेजे त्याच्यामागे उभी राहतात, त्यांच्यामागे तिसरी.

स्टेबल वापरणाऱ्यांपर्यंत तुमचा सुरक्षा गट दुरुस्ती थेट पोचवतो, ते काम किती नेटाने चालते याची मला कल्पना आहे. पण टेस्टिंगला दुरुस्ती बहुतांशी याच वाटेने मिळते. ‘टेस्टिंग वापरा असे आम्ही कोणाला सांगितलेच नाही’ हे उत्तर मला पुरत नाही. नवा लॅपटॉप घेतलेला विद्यार्थी, पुढच्या आवृत्तीसाठी आपले सॉफ्टवेअर आजच तपासणारा अभियंता, हेच लोक टेस्टिंग वापरतात, आणि त्यांनी नोंदवलेल्या दोषांवरच तुमची स्टेबल पक्की होते.

२०२४ च्या वसंतात काय झाले ते आठवा. ३२ बिटांच्या यंत्रांत काळ मोजण्याची जुनी पद्धत १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. त्यापुढचा सेकंद मोजायला त्या आकड्यात जागाच उरत नाही. म्हणून एआरएमच्या दोन ३२-बिटी जातींसाठी काळाचा आकडा ६४ बिटांचा करायचे ठरले. निर्णय अगदी योग्य होता. ही स्वस्त आणि टिकाऊ यंत्रे २०३८ मध्येही कुठल्यातरी कारखान्यात, कुठल्यातरी पाण्याच्या टाकीवर चालू असणार आहेत. पण त्यासाठी शेकडो लायब्ररींची नावे बदलावी लागली आणि ती सगळ्याच आर्किटेक्चरमध्ये बदलली गेली. ज्यांच्यात मुळात काहीच बदलायचे नव्हते त्या ६४-बिटी यंत्रांतही नावांपुढे ‘टी६४’ हे शेपूट लागले. एकाची गाठ दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. सगळे एकदम आत सोडता येईल तेव्हाच सोडायचे, या नियमामुळे मार्च-एप्रिलमध्ये टेस्टिंगकडे जाणारा ओघ जवळजवळ आटला.

आणि नेमक्या त्याच दिवसांत, २९ मार्च २०२४ ला, एक्सझेड या पॅकेजमध्ये कोणीतरी मुद्दाम पेरलेले चोरदार आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघडकीस आणले. बिघडवलेली आवृत्ती तुमच्या टेस्टिंगपर्यंत पोचलेली होती. तुम्ही ती तातडीने मागे घेतलीत, त्याबद्दल जगभरच्या लोकांनी तुमचे आभार मानायला हवेत. उबुंटूने त्या काळातले बिल्ड नव्याने करायचे ठरवले आणि २४.०४ ची चाचणी-आवृत्ती ४ एप्रिलऐवजी ११ एप्रिलला आणली. या प्रकरणातून मला जे दिसले ते हे : गरज पडली तर रांग मोडून दुरुस्ती पुढे काढण्याची वाट तुमच्याकडे आहे. तुम्ही ‘हिंट’ देऊन ब्रिटनीला बाजूला सारू शकता. पण ती वाट कोणा थकलेल्या स्वयंसेवकाच्या लक्षात आले तर, त्याला वेळ असला तर, आणि बातमी मोठी असली तर उघडते. ज्या भगदाडाची बातमी होत नाही, त्याची दुरुस्ती मात्र रांगेतच उभी राहते. जे आज मर्जीने होते, ते नियमाने व्हावे.

हे दुखणे नवे नाही. २००२ साली ‘वुडी’ ही आवृत्ती तयार होऊनही खोळंबली, कारण अकरा आर्किटेक्चरसाठी सुरक्षा-दुरुस्त्यांचे बिल्ड करण्याची व्यवस्था उभी नव्हती. ती जुलैमध्ये बाहेर पडली. पुढची ‘सार्ज’ यायला ६ जून २००५ उजाडला, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे. त्या दिरंगाईने सगळे इतके पोळले होते की मार्च २००५ मध्ये तुमच्यातली काही जाणती मंडळी व्हँकूवरला जमली आणि त्यांनी प्रस्ताव मांडला : मुख्य प्रकाशनात चारच आर्किटेक्चर ठेवावीत, बाकीच्यांनी आपापले बघावे. केवढा गदारोळ झाला! ज्यांनी वर्षानुवर्षे एखाद्या अल्पसंख्य यंत्रासाठी राबून डेबियन चालते ठेवले होते, त्यांना एका बैठकीत परके ठरवल्यासारखे वाटले. प्रस्ताव जसाच्या तसा टिकला नाही. पण प्रकाशनात राहायचे असेल तर प्रत्येक आर्किटेक्चरने पात्रतेच्या कसोट्यांना उतरलेच पाहिजे, हे तेव्हापासून रुजले. २००७ च्या आवृत्तीत एम६८के बाहेर पडले, २०२१ मध्ये मिप्सची एक जात गेली, आणि ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या ‘ट्रिक्सी’तून मिप्सच्या उरलेल्या दोन्ही जाती गेल्या. त्याच आवृत्तीत आय३८६, म्हणजे जुना ३२-बिटी पीसी, स्वतंत्र यंत्र म्हणून उरला नाही. त्याच्यासाठी ना कर्नल, ना बसवण्याचा कार्यक्रम.

हा इतिहास मी तक्रारीसाठी उगाळत नाही. त्यातला क्रम बघा. एका प्रकारामुळे सगळे थांबतात. थांबून थांबून लोक चिडतात. मग त्या एका प्रकाराला बाहेर काढतात. काही वर्षांनी दुसरा प्रकार त्याच जागी येऊन उभा राहतो. आज एस३९०एक्सवर बोटे मोडणारे पुष्कळ आहेत, उद्या कदाचित रिस्क-फाइव्ह या नव्या जातीवर मोडतील.

मला दोन्ही बाजूंचे दुःख ठाऊक आहे, म्हणून हे लिहिते आहे. ऑफिसात मी थांबणाऱ्यांपैकी असते. पण सुट्टीच्या दिवशी डोंबिवलीतल्या एका अभ्यासिकेतले संगणक चालते ठेवायला मी मदत करते. ठाण्यातली कार्यालये संगणक बदलतात तेव्हा जुने कोणाकडून तरी तिथे येतात. त्यांत ३२-बिटी नेटबुके आहेत. त्यांच्यावर स्पर्धा परीक्षेची मुले जुन्या प्रश्नपत्रिका वाचतात, अर्ज भरतात. त्यांच्यावर डेबियन १२ आहे आणि त्यापुढे रस्ता नाही. ज्याच्याकडे नवे यंत्र आहे त्याला चार दिवसांचा उशीर होतो. ज्याच्याकडे जुने आहे त्याला वगळले जाते. दोन्हींची तुलना केली तर माझे मन दुसऱ्याकडे झुकते. म्हणूनच मला वेग हवा असला तरी मागच्याला टाकून मिळवलेला वेग नको आहे.

आम्हा ठाणेकरांना हा प्रश्न रुळांवरून चटकन कळतो. ठाणे आणि दिवा यांच्यामध्ये चारच मार्ग होते तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्या आणि जलद लोकल एकाच रुळावरून धावत. एका मेलचे इंजिन बंद पडले की तिच्यामागे कर्जत, कसारा, बदलापूरच्या लोकल ओळीने उभ्या. मंजुरी मिळून दशक उलटून गेल्यावर पाचवा-सहावा मार्ग पुरा झाला, फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यासाठी ७२ तासांचा ब्लॉक घेतला गेला, आणि १८ फेब्रुवारीला ते मार्ग सुरू झाले. मेल गाड्या बंद करा असे कोणी म्हटले नाही, आणि लोकलने मेलसाठी कायमचे थांबावे असेही नाही. रूळ वेगळे केले. तुमच्याकडूनही मला तेवढेच हवे आहे.

याला तुमच्याकडून काय उत्तर येईल ते मला माहीत आहे, आणि त्यातले बरेचसे खरे आहे.

पहिले उत्तर म्हणजे, थांबणे हे सुरक्षेसाठीच असते. खरे आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीची एक सदोष फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. भारतातल्या विमानतळावरही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. फाटक नसले की काय होते ते त्या दिवशी सगळ्यांनी बघितले. शिवाय एस३९०एक्सवर फेल झालेली चाचणी कधीकधी सगळ्याच यंत्रांत दडलेला दोष दाखवते. उलट्या क्रमाच्या यंत्राने पकडलेल्या स्मृतीच्या चुका साध्या लॅपटॉपवरही पुढे कधीतरी उफाळल्या असत्या. तेव्हा फाटक काढा असे मी म्हणत नाही. लाल दिवा लागलाच पाहिजे, त्याची चौकशी झालीच पाहिजे. फक्त ज्याच्या मार्गावर तो लागला, त्याच मार्गावरची गाडी थांबावी.

दुसरे उत्तर जास्त अवघड आहे. डेबियनमध्ये एकाच संगणकावर ६४-बिटी आणि ३२-बिटी लायब्ररी शेजारी शेजारी बसवता येतात. जुने खेळ आणि विंडोजचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या वाइनसारखे कार्यक्रम त्याच्यावर चालतात. अशा जोडीत दोन्हींची आवृत्ती अगदी एकच असावी लागते, नाहीतर दोन्ही एकत्र बसतच नाहीत. तेव्हा आय३८६ मागे पडू दिले तर एएमडी६४ वापरणाऱ्याचाच खेळ मोडेल. मान्य. २०१९ च्या जूनमध्ये उबुंटूने ३२-बिटी पॅकेजे बंद करण्याचे जाहीर केले आणि खेळ व वाइन वापरणाऱ्यांचा संताप पाहून काही दिवसांतच निर्णय फिरवला, तो याच कारणाने. पण मग ज्यांची अशी जोडी आहे त्यांनाच एकत्र चालवा. कल्याणच्या लॅपटॉपवर कोणी मेनफ्रेमची लायब्ररी शेजारी बसवत नाही. एका जोडीची गरज सगळ्यांच्या गळ्यात का?

तिसरे उत्तर परवान्याचे. मागे राहिलेल्या आर्किटेक्चरसाठी जुनी आवृत्ती दिली तर तिचा मूळ कोडही सांभाळून ठेवावा लागतो, म्हणजे भांडारात एकाच पॅकेजचे दोन कोड. हेही खरे. पण मूळ कोडाने व्यापलेली डिस्कची जागा हा आज अडून बसण्याजोगा खर्च राहिलेला नाही.

आणि मुख्य म्हणजे हे सगळे तुम्ही आधीच करून ठेवलेले आहे. ब्रिटनीच्या मांडणीत काही आर्किटेक्चरना ‘आउट-ऑफ-सिंक’, म्हणजे मागेपुढे राहायला मुभा असलेली, असे नोंदवण्याची सोय आहे. नव्याने दाखल होणारे किंवा आजारी आर्किटेक्चर तिथे ठेवले की ते इतरांना अडवत नाही. ही सोय आज अपवाद म्हणून, तात्पुरती वापरली जाते. तिला सुरक्षा-दुरुस्त्यांपुरता कायमचा नियम करा, एवढेच माझे मागणे आहे.

इतरांनी हे करून दाखवले आहे. आपल्या सगळ्यांच्या खिशातला अँड्रॉइड घ्या. पूर्वी नवी आवृत्ती आली की चिप बनवणाऱ्याने आपला भाग बदलायचा, मग फोन बनवणाऱ्याने, मग पुढच्याने. एकाने उशीर केला की तो फोन तिथेच अडकला. २०१५ साली ‘स्टेजफ्राइट’ नावाचे भगदाड सापडले तेव्हा कोट्यवधी फोनपर्यंत दुरुस्ती पोचवायची कशी हेच कळेना. त्यातून शहाणपण आले. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर आलेल्या ‘ट्रेबल’ने चिपचा भाग आणि मूळ प्रणाली यांच्यामध्ये पक्की सीमा आखली. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर आलेल्या ‘मेनलाइन’ने प्रणालीचे काही भाग प्ले स्टोअरमधून थेट बदलता येतील असे केले. सगळे फोन लगेच ताजे झाले नाहीत, पण साखळीतल्या एकामुळे फोन खोळंबायचे कारण पुष्कळ कमी झाले. तुमच्या शेजारच्या फेडोरा या मुक्त प्रणालीमध्येही, जिच्यावर पुण्यातले कितीतरी मराठी अभियंते राबतात, आवृत्ती अडवू शकणारे प्रकार आणि अडवू न शकणारे प्रकार असे दोन वर्ग आधीच ठरलेले असतात. अडवू न शकणाऱ्याचा बिल्ड फेल झाला तर त्या दिवशी तो वगळून बाकीचे बाहेर पडते. तिथेही एका पॅकेजचा बिल्ड एका आर्किटेक्चरवर फेल झाला की सगळा बिल्ड रद्द होतोच, आणि २०१९ मध्ये ३२-बिटी पीसी व २०२२ मध्ये ३२-बिटी एआरएम त्यांनीही सोडले. तेव्हा फेडोराने सगळे जिंकले असे नाही. पण वर्ग आधी ठरवण्याची त्यांची रीत घेण्यासारखी आहे.

माझी विनंती स्पष्ट शब्दांत अशी. सुरक्षेची म्हणून नोंदलेली दुरुस्ती एखाद्या आर्किटेक्चरवर अडली तर त्याच्या स्वयंसेवकांना ठरावीक मुदत द्या. मुदत किती, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले ठरवाल. ती उलटली की जिथे बिल्ड झाला आहे, तिथे दुरुस्ती आपोआप जाऊ द्या. ज्या आर्किटेक्चरवर ती अडली, तिथे जुनी आवृत्ती राहू द्या, पण त्या यंत्राच्या मालकाला हे कळले पाहिजे. त्याने अपडेटची आज्ञा दिली की पडद्यावर यावे : या पॅकेजची दुरुस्ती तुमच्या यंत्रासाठी अजून झालेली नाही, कारण अमुक. कोणते पॅकेज कशामुळे अडले हे तुमच्या ट्रॅकरवर आजही सापडते, पण ते शोधणाऱ्यालाच. ज्याला धोका आहे त्याच्या डोळ्यांसमोर ते जात नाही. आणि मागे राहण्याची मुभा मिळालेल्या आर्किटेक्चरला ‘उद्या काढायचे’ असे समजू नका. आज एखाद्याने मदत मागितली की त्याची हकालपट्टी जवळ आली अशी भीती असते, म्हणून लोक अडचण लपवतात. मागे राहिले तरी घर सुटणार नाही ही खात्री असेल, तर अडचण वेळेवर सांगितली जाईल.

आता दोन शब्द इथल्या सहकाऱ्यांना. डेबियनला सांगताना आपले दार झाकून ठेवणे बरे नव्हे. आपल्या ठाणे-ऐरोलीच्या कार्यालयांत हाच प्रकार रोज चालतो. मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे एका ग्राहकाच्या जुन्या टॅब्लेटसाठीचा बिल्ड शुक्रवारी संध्याकाळी लाल झाला, आणि बाकी सगळ्या ग्राहकांची बिलातली चूक सुधारणारी दुरुस्ती सोमवारपर्यंत पडून राहिली. दुकानदार शनिवार-रविवार चुकीची बिले देत राहिले. कोणी दुष्टपणा केला नव्हता. तसे लिहूनच ठेवलेले होते. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये अनेक प्रकारांचे बिल्ड एकत्र लावले की ‘फेल-फास्ट’ हा पर्याय आपोआप चालू असतो. एक फेल झाला की चालू असलेले आणि रांगेतले बाकीचे सगळे तिथेच रद्द. आपण तो कधी निवडलेला नसतो, कोणी बदलायलाही सांगितलेले नसते. आज ऑफिसात गेलात की आपल्या पाईपलाईनमध्ये ती ओळ बघा. तो पर्याय बंद करणे हे एका मिनिटाचे काम आहे. कोणता प्रकार अडवू शकतो आणि कोणता नाही हे ठरवायला जास्त वेळ लागेल, पण ते कागदावर आणा, आणि ते ठरवताना सर्वांत जुने यंत्र वापरणाऱ्या ग्राहकाच्या बाजूने बोलणारे कोणीतरी खोलीत बसवा.

विद्यार्थ्यांनाही सांगावेसे वाटते. ठाणे-कल्याण पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालये भरपूर आहेत आणि शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधण्याची धांदल दरवर्षी असते. हजेरीच्या अ‍ॅपची आणखी एक नक्कल करण्याऐवजी डेबियनच्या अडलेल्या बिल्डांची यादी उघडा. एक निवडा. त्याची नोंद वाचा, कोणती चाचणी का पडली ते शोधा, दुरुस्ती लिहून पाठवा. त्यासाठी मेनफ्रेम विकत घ्यावी लागत नाही, क्यूईएमयू हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर एस३९०एक्सचे सोंग वठवते. हळू चालते, पण चालते. तुमच्या एका दुरुस्तीने जगभरचे किती लॅपटॉप मोकळे होतील याचा हिशेब करून बघा.

मित्रहो, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तुमचे जागतिक संमेलन कोचीला भरले होते. तेव्हा तुम्ही भारतात आलात, आता भारतातून आलेले हे मागणे ऐका. डेबियन १४, ‘फॉर्की’, घडते आहे. तिची गोठवण सुरू झाली की कोणतेही नियम बदलायला कोणाला उसंत नसेल, आणि तेव्हाच अडलेले बिल्ड सर्वांत जास्त बोचतील. त्याआधी हा नियम लिहून काढा, चर्चेला मांडा, आणि त्या चर्चेत आय३८६, मिप्स, ३२-बिटी एआरएम सांभाळणाऱ्यांना आवर्जून बोलवा. अभ्यासिकेतल्या त्या नेटबुकांसाठी डेबियन १२ च्या दुरुस्त्या जितके दिवस मिळतील तितके दिवस मी ती चालवीन. त्यांच्यानंतर येणाऱ्या जुन्या यंत्रांना तरी पुढचा रस्ता मोकळा ठेवा.

आपली,
डोंबिवलीची एक डेबियन वापरकर्ती